उष्टी गाठ सुटली नव्हती, विहीणबाई

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही, आणि तुम्ही माझ्यावर पुन्हा एकदा कुरघोडी केलीत. तीही भर शोकसभेत.

तुमचा फोटो टेबलावर होता. त्याला मोगऱ्याचा हार मिळाला नव्हता, म्हणून दुकानातल्या पांढऱ्या शेवंतीचा घातला होता. मी पुढच्या रांगेत, माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या शेजारी. नातवंडांना परीक्षांमुळे बॉथेलहून येता आलं नाही, त्यामुळे ती पडद्यावर. ईशानला बोलता येईना, म्हणून सई पुढे सरकली. डोळे पुसत म्हणाली, "नागपूरची आजी ऑल्वेज म्हणायची, फिश माझ्या लाइनमुळे गेलाच नाही. गेली ती नाशिकच्या आजीची गाठ. द फेमस स्पिट नॉट!"

सगळा हॉल हसला. मग सगळे रडले. मागच्या रांगेतले एक काका मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "या त्याच का, गाठवाल्या?"

मीही हसले. शोकसभेत उत्तर देता येत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही आयुष्यभर शाळा चालवलीत. शेवटचा शब्द कोणाचा असावा हे मुख्याध्यापिकेला शिकवावं लागत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला उद्देशून, पण वाचणार मुलं. अश्विनी त्यांना वाचून दाखवेल. (अश्विनी, मधली वाक्यं गाळू नकोस. आजी रागावली आहे असं वाटलं तर वाटू दे. आजी रागावलेलीच आहे.) मी गेल्यावर त्या मुलांच्या लक्षात माझं काय उरेल? पुस्तकं, शिस्त, वेळेवर आलेली वाढदिवसाची कार्डं? नाही. सुटलेली गाठ उरेल. जी सुटलीच नव्हती.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की म्हातारी भरकटली.

तुमच्या श्रीरंगाला अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला नोकरी लागली, तो आणि माझी अश्विनी मुलांना घेऊन तिकडे गेले, आणि इकडे मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला आपण दोघी उरलो. घर विकायचं नाही असं ठरलं. त्या घरात तुम्ही राहिलात, कारण ते मुलाचं घर. मी बसच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत राहिले, कारण माझ्यासाठी ते मुलीचं घर. नियम माझेच होते, तुमच्यावर ढकलत नाही. पण घराच्या मागे तलाव होता, आणि तो नियमाबरोबर तुमच्या वाट्याला गेला, हे मी विसरले नाही.

गॅरेजमध्ये ईशानचे दोन फिशिंग रॉड राहिले होते. पहिल्याच वसंतात तुमचा फोन आला.

"विहीणबाई, मुलं उन्हाळ्यात येतील. तोवर मासे धरायला शिकून घेऊ आपण."

"तुम्ही शाकाहारी आहात."

"खायचं कोण बोलून राहिलं? धरायचं आणि सोडायचं. पोरांशी बोलायला काही तरी नको का जी? शाळा कशी आहे, फाइन. जेवलास का, येस. संपला फोन."

हे खरं होतं. तुमचं बोलणं फार वेळा खरं असायचं, आणि ते मला फार वेळा सहन व्हायचं नाही.

मी वाचनालयातून पुस्तकं आणली, तुम्ही दुकानदाराला प्रश्न विचारून हैराण केलंत. बॅस मासा उन्हाळ्यात तळाशी बसतो, तेव्हा त्याच्यासाठी जिग टाकायची, इथवर आपलं एकमत होतं. जिग म्हणजे शिशाचं डोकं, त्याला गळ, आणि वर रबराच्या झिपऱ्या. ती पोहत नाही. तळाला टेकते आणि हळूहळू ओढली की सरपटते. काठावरच्या माणसाला खालचं काही दिसत नाही. दोरीवर बोट ठेवायचं, आणि खाली चिखल आहे, गवत आहे की दगड, हे त्या बोटाने ओळखायचं. मासाही हिसका देत नाही, नुसता तोंडात घेतो. बोटाला टक् असं काहीतरी होतं, दाराआडून कोणी हलकेच टिचकी मारावी तसं. म्हणजे सगळा खेळ दोरीचा. आणि दोरीवरूनच आपलं फाटलं.

तुमची दोरी विणलेली. बारीक पेडांची, वेणी घातल्यासारखी, रंगाने पोपटी. ती ताणत नाही, म्हणून तळाची बातमी जशीच्या तशी हाताला देते. माझी फ्लोरोकार्बनची. काचेसारखी, पाण्यात दिसत नाही, स्वतःच्या वजनाने बुडते, आणि मुख्य म्हणजे दगडाला घासली तरी तग धरते. तुमची पाण्यावर तरंगते आणि दगडाला लागली की तिची पेडं उसवतात. हे दोन्ही दोऱ्यांच्या पाकिटांवर लिहिलेलं होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं.

"पाकीट विकणाऱ्याने लिहिलं आहे," तुम्ही म्हणालात. "माझं बोट विकत घेतलेलं नाही."

"बोटाने मासा वर येत नाही. दोरीने येतो."

"तुमची दोरी तारेसारखी ताठ, जी! रिळावरून स्प्रिंगसारखी उसळते. दोरी आहे की कुरडई?"

आपल्या तलावात डावीकडे चिखल आणि गवत, उजवीकडे दगडांची रांग. त्या दगडांना पट्टेरी शिंपल्या चिकटलेल्या. या भागातल्या तळ्यांना लागलेली कीडच ती. नखाएवढ्या असतात, पण कडा पत्र्यासारख्या. मी म्हटलं होतं, डावीकडे तुमची दोरी चालेल, उजवीकडे नाही. तुम्ही म्हणालात, "दिशा पाहून दोरी बदलायला मी काय पंचांग घेऊन बसू?"

दुसरं भांडण गाठीचं. फ्लोरोकार्बन असो की विणलेली, गाठ आवळण्याआधी ओली करावी लागते. कोरडी आवळली तर घासून तापते आणि कमकुवत होते, नाहीतर नीट बसतच नाही. सगळं जग ती ओठांत धरून ओली करतं. मीही करत असे. तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा असा चेहरा केलात, जणू मी नैवेद्याच्या ताटातला लाडू चाखला.

"शी! उष्टं करता?"

"तलावात टाकायची आहे, विहीणबाई. देव्हाऱ्यात नाही."

"त्याच हाताने मी सकाळी निरांजन लावते."

तुम्ही गाठी कोरड्याच आवळत राहिलात. मी ओल्या करत राहिले, आणि बांधलेली प्रत्येक गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहत राहिले. ओढून पाहिल्याशिवाय मी काहीच खरं मानत नाही. त्याचीही तुम्ही नक्कल करायचात. मी लग्नात मुलीचं मंगळसूत्रसुद्धा ओढून पाहिलं होतं, असं तुम्ही मुलांना सांगितलंत. ते खोटं आहे. मुलांनो, ते खोटं आहे.

आता तो दिवस.

जुलैची दुपार. सई तेव्हा सहावीत. तुमचा रॉड तिच्या हातात, तुमची पोपटी दोरी त्यावर. आधीची जिग गवतात अडकून गेली होती आणि तुम्ही पोहे आणायला घरात गेला होतात, म्हणून नवी मी बांधली. ओठांत धरून ओली केली आणि आवळली. ओढून पाहिली. त्याच क्षणी तुम्ही पोह्यांची बशी घेऊन दारात.

"माझ्या रॉडला उष्टं!"

"बांधून झाली. मुलीला टाकू द्या."

सईने टाकली ती उजवीकडे, दगडांत. मी "तिकडे नको" म्हणेपर्यंत जिग तळाला गेली होती. दोनदा सरपटली, आणि सईचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीला ती टिचकी कळली होती, विहीणबाई. कोणी न सांगता. तिने रॉड उचलला आणि पाणी फुगलं. हिरवट काळी पाठ एकदा वर आली, एवढी रुंद की सई ओरडली, "आजी! आजी!"

आपण दोघी धावलो. दोघींनाही वाटलं, मलाच बोलावलं.

मासा दगडांच्या मागून फिरला. रॉड वाकला, दोरी ताठ झाली, आणि मग रॉड एकदम सरळ. पोपटी दोरी पाण्यावर लोळत पडली. सई रडायला लागली. तुम्ही तिच्या हातून रॉड घेतलात, भराभरा दोरी गुंडाळलीत, तिचं टोक मुठीत धरलंत आणि म्हणालात, "गाठ सुटली. उष्टी गाठ ती, सुटणारच."

पण टोक मुठीत जाण्याआधी मी पाहिलं होतं. गाठ सुटते तेव्हा दोरीचं टोक पिळलेलं, वळलेलं निघतं. हे टोक वातीसारखं फुललं होतं. पेडं उसवलेली. ते गाठीपाशी तुटलंच नव्हतं. वर, दगडाला जिथे घासलं तिथे तुटलं होतं. माझी गाठ त्या माशाच्या तोंडात शाबूत होती. आणि तुम्ही कमरेच्या पिशवीतून कात्री काढून ते टोक कापलंत आणि पदरात टाकलंत. पदरात! आमच्याकडे पदरात दान घेतात.

मी तोंड उघडलं. पण तोवर तुम्ही सईला पोटाशी धरून म्हणत होतात, "उष्टी गाठ! माशाला पण किळस आली असेल, म्हणाला, या बाईचं उष्टं मी नाही खाणार." आणि ती पोरगी रडता रडता हसायला लागली. हसणाऱ्या मुलीसमोर मी दोरीचं टोक मागणार होते का? तुम्ही रडत्या नातीला हसवलंत, ते माझ्या जिवावर. हा हिशेब मला तेव्हाच कळला. तुम्हाला तो मांडतानाच कळला होता.

त्यानंतर ती गोष्ट प्रत्येक थँक्सगिव्हिंगला झाली. दिवाळीच्या फोनवर झाली. ईशानने ती शाळेच्या निबंधात इंग्रजीत लिहिली आणि त्याला चांगले मार्क मिळाले. दरवेळी मासा वाढत गेला, आणि माझी गाठ सैल होत गेली. मी एकदा म्हणाले, "दोरी घासली होती." तर तुम्ही मुलांना डोळा मारलात आणि सगळे एका सुरात म्हणाले, "येस आजी, शुअर!"

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. शोकलेखात असं लिहीत नाहीत. मी लिहिते आहे.

आणि तरीही दर शनिवारी मी बसने यायचे. थंडीत तलाव गोठला की मासे नसायचे, तरी यायचे. बर्फात तुम्ही बसस्टॉपवर गाडी चालू ठेवून थांबलेल्या असायचात. काच खाली करून पहिलं वाक्य नेहमी तेच: "एवढा उशीर? बस ढकलत आणली का?" गाडीतली माझी सीट गरम केलेली असायची. माझ्या डोळ्यांच्या दोन्ही ऑपरेशनांना तुम्हीच नेलंत, आणि डॉक्टरांना माझ्याआधी तुम्हीच प्रश्न विचारलेत. पट्टी असताना मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचात आणि मधेच स्वतःची मतं घुसवायचात. मला ती बातमी कुठली आणि मत कुठलं, हे आवाजावरून ओळखता यायचं. या सगळ्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही लगेच वरचढ होऊन उभ्या राहिला असतात. आता मानते. बसूनच राहा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. तुम्ही स्वतःपुरता चहा करायला आत गेलात की मी कधी कधी तुमचा रॉड हातात घ्यायचे. तुमच्या त्या पोपटी दोरीवर बोट ठेवायचे. तळाचा खडा न् खडा कळायचा. चिखल संपून वाळू कुठे सुरू होते, तेही. माझ्या दोरीतून इतकं स्वच्छ मला कधी कळलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही आणि आताही मोठ्याने सांगत नाही.

मग यंदाचा हिवाळा. हॉस्पिटलच्या खिडकीत बर्फ, तुमच्या नाकात नळी. मी संत्रं सोलत होते. नागपूरचं नाही, म्हणून तुमची त्याला नावं ठेवून झाली होती. अचानक म्हणालात, "गाठ तुमची नव्हती जी."

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. "मग?"

"दोरी. शिंपल्यांनी खाल्ली. मला तेव्हाच कळलं."

"मी फोन लावते. मुलांना सांगा."

"नाही."

"का नाही?"

"काहून सांगू? पोरं हसतात. आणि मुलाची आई आहे मी. हरायचं नसतं."

"विहीणबाई, हे बरोबर नाही."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "लेकीच्या घरी तुम्ही पाणी प्यायला तरी आल्या असत्या का? भांडायला आल्या. दर शनिवारी."

मी फोडीच्या शिरा काढल्या. मग म्हणाले, "मी तुम्हाला सोडणार नाही."

"नका सोडू ना जी," तुम्ही म्हणालात, आणि संत्र्यासाठी हात पुढे केलात.

दुसरं कोणी खोलीत नव्हतं. कबुली दिलीत ती अशी, की तिला साक्षीदार मी एकटी. मी सांगितलं तर मुलं म्हणणार, येस आजी, शुअर.

शोकसभा झाल्यावर श्रीरंगाने गॅरेज आवरलं. तुमचा रॉड माझ्याकडे घेऊन आला.

"हा तुमच्यासाठी ठेवलाय तिने. मोसमासाठी तयार करून."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाली, त्यांच्या हातात दे, बाकी त्या बघतील. ओढून बघायची सवय आहे त्यांना."

मी तो खिडकीपाशी नेला. रिळावर तुमची पोपटी दोरी. रॉडच्या टोकापर्यंत पोपटी. आणि तिथून पुढे, जिगपर्यंत, हातभर काचेसारखी दोरी. फ्लोरोकार्बन. हाताला तळ सांगायला तुमची, दगडाला घासायला माझी, मध्ये दोन्ही जोडणारी एक गाठ. पुस्तकात ही पद्धत होती. मी पहिल्याच वर्षी तुम्हाला दाखवली होती, आणि तुम्ही तिला "आंतरजातीय" म्हणाला होतात.

माझी दोरी कुठून आली, तेही कळलं. मी रिळाचं टोक नेहमी खाचेत अडकवून ठेवते. गेल्या शरदात एकदा तुमच्या गॅरेजमध्ये ठेवलेला माझा दोऱ्यांचा डबा उघडला तर टोक मोकळं लोंबत होतं. मला वाटलं मीच विसरले, आणि मी विसरत नाही, म्हणून मला दोन दिवस स्वतःची काळजी वाटली होती. चोरी करून वर माझी झोप उडवलीत.

पण मला आनंद झाला, विहीणबाई. क्रूर आनंद. पुरावा! तुमच्या हाताने बांधलेला, तुमच्या रॉडवर. तुम्ही मुलांना काहीही सांगा, जूनमध्ये ती येतील तेव्हा मी हा रॉड त्यांच्यासमोर ठेवणार होते. बघा, तुमच्या नागपूरच्या आजीने शेवटी कोणाची दोरी लावली. फोटो काढायचा विचारही आला. पण त्याआधी माझ्या हातांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. एका हातात पोपटी, एका हातात काचेसारखी, आणि ओढून पाहिलं.

गाठ सुटली.

सरसर सरकली आणि सुटली. कोरडी आवळलेली होती. उष्टं नको म्हणून. एका हातात तुमची दोरी राहिली, एका हातात माझी, आणि पुराव्याच्या जागी नुसती हवा. तुम्हाला माहीत होतं मी ओढणार. "बाकी त्या बघतील." मी खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "गाठ तुमची सुटली, विहीणबाई! तुमची!" इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य. श्रीरंग गॅरेजमधून विचारत आला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्याची आई गेली आहे, त्याला काय सांगणार?

मग मी चष्मा लावला आणि बसले. दोन्ही दोऱ्या एकमेकींवर घेतल्या, वेढे दिले, पुस्तकात आहेत त्याहून जास्त दिले. आणि दोन्ही ओठांत धरून ओल्या केल्या. तुमची पोपटीसुद्धा. तुमच्या हाताचा कापराचा वास अजून तिला होता. चांगली उष्टी केली. आवळली. ओढली. पुन्हा ओढली. बसली.

जूनमध्ये सई येईल. मी शनिवारीच जाईन, पण या वेळी रात्री त्याच घरी राहीन, तुमच्या खोलीत, आणि पाणी पिईन. नियम माझाच होता, मीच मोडेन. सई रॉड घेऊन उजवीकडे वळेल, दगडांकडे, कारण ती तुमची नात आहे. मी "तिकडे नको" म्हणणार नाही. दोन्ही दोऱ्या तिच्या हातात देईन आणि सांगेन, मधली गाठ माझी आहे, उष्टी आहे.

ओढून बघ.